सायकलचे हलके ब्रेक कॅलिपर घेताना माझे २३,२५० रुपये गेले

आधी आकडे लिहितो. टोकन २,०००. उरलेले १९,५००. 'ट्रान्झिट इन्शुरन्स, माल पोचला की परत' म्हणून १,१५०. मेकॅनिकला बसवायचे, काढायचे आणि जुने ब्रेक परत लावायचे ६००. एकूण २३,२५० रुपये. पंधरा दिवस घरातही खरा आकडा सांगितला नव्हता. आज लिहितोय, कारण ज्या जाहिरातीवरून मी ते घेतले, तीच पुन्हा फिरायला लागली आहे.

मी नवखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'अरे, एवढं कसं कळलं नाही' हे मी चार जणांकडून ऐकून घेतलंय. पुण्यात अकरा वर्षं रोड बाइक चालवतोय. २०१९ ला एसआर (सुपर रँडोनर) केली, म्हणजे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड एकाच सीझनमध्ये. सिंहगड तर महिन्यातून दोनदा असतोच. माझी फ्रेम रिम ब्रेकची आहे, म्हणजे कॅलिपरचा चिमटा चाकाची कड दाबतो, आणि आता चांगल्या नव्या रोड बाइक बहुतेक डिस्क ब्रेकवर गेल्यात. दुकानात विचारलं की 'रिमचं आता काही ठेवत नाही' असंच उत्तर मिळतं. मग आमच्यासारख्यांनी जुन्या मालाशिवाय कुठे जायचं?

माझ्याकडे शिमानो १०५, आर-७००० कॅलिपरची जोडी, ३७९ ग्रॅम. शिमानोचीच सगळ्यात वरची ड्युरा-एस आर-९१०० घेतली तरी ३२६. त्रेपन्न ग्रॅमसाठी एवढे पैसे मी घातले नसते. पण केन क्रीक कंपनीच्या ईई-ब्रेकची जोडी पॅड (चाकाला घासणारं रबर) धरून दोनशेच्या आसपास बसते. नवी जोडी मागवायची तर ड्यूटी धरून माझा हिशोब अर्ध्या लाखाच्या पुढे जात होता. या जाहिरातवाल्याने वापरलेली जोडी २१,५०० ला लावली होती. पाच हजार म्हणाला असता तर मीच पळालो असतो. एकवीस हजार म्हणजे कोणाला संशय येणार नाही असा बरोबर मोजलेला भाव होता. जाहिरातीत वजनकाट्यावरचा फोटो, काट्यावर १६४. खाली लिहिलेलं, 'सगळे बोल्ट टायटॅनियम'.

बोलायला एकदम आपल्यातला. 'दादा, मी पण घाटातलाच माणूस, डिस्कवर गेलो म्हणून काढतोय.' पसरणी घाटातली वळणं त्याला माहीत होती, बोपदेवचा चढ माहीत होता. फसवणारा माणूस सायकल चालवत नसेल असं मनात कुठेतरी धरून चाललो होतो. तसं धरू नका. चालवणारेच विकतात आणि चालवणारेच फसवतात.

आता तो प्रसंग. रविवारी रात्री साडेनऊला मीच व्हिडिओ कॉल करायला लावला. म्हटलं, टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही, अॅल्युमिनियमलाही नाही, तर बोल्टला चुंबक लावून दाखव. म्हणजे बघा, योग्य प्रश्न मी विचारला होता. तो म्हणाला, 'दादा, एवढ्या रात्री चुंबक कुठून आणू, घरात नाहीये.' मी म्हणालो, बरं. कॅलिपर हातात धरून त्याने फिरवून दाखवला, मी स्क्रीनशॉट घेतला आणि दहा मिनिटांत १९,५०० पाठवले.

तो स्क्रीनशॉट अजून फोनमध्ये आहे. कॅलिपरच्या मागे त्याचा फ्रिज आहे. फ्रिजच्या दारावर गोव्याची होडी चिकटवलेली आहे आणि तिच्या खाली गॅस एजन्सीचा नंबर लिहिलेलं चौकोनी चुंबक. दोन चुंबकं त्याच्या खांद्याच्या मागे, एका हाताच्या अंतरावर! माझ्या डोळ्यांसमोर होती. मी कॅलिपरचा पिव्होट बघत होतो, अॅनोडायझिंगचा रंग बघत होतो, आणि मागचं दार मला दिसत असून दिसलं नाही. पैसे गेल्याचं दुःख एका बाजूला, पण हे रोज रात्री आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

पार्सल सहाव्या दिवशी आलं. घरच्या काट्यावर जोडी २४७. पॅड काढले तरी २३१. तरीही मनाची समजूत घातली, म्हटलं जुनं मॉडेल असेल. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ केला नाही. तुम्ही करा, चिकटपट्टी कापायच्या आधीपासून.

मेकॅनिकने पुढचा कॅलिपर फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला) लावून मधला बोल्ट आवळायला घेतला. शिमानोचा हा बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरला आवळतात. इथे टॉर्क रेंचवर (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) सहासुद्धा झाले नव्हते आणि बोल्ट कट्‌दिशी तुटला. तुटलेलं तोंड राखाडी, भरड. त्याने तुकडा बोल्ट ठेवायच्या चुंबकाच्या वाटीकडे नेला, तर तो बोटांतून सुटून टक्‌कन जाऊन चिकटला. तो एवढंच म्हणाला, 'सर, बरं झालं इथे तुटला.' सिंहगड उतरताना, एका बाजूला दरी आणि समोरून जीप, तिथे हा तुटला असता तर? माझी मुलगी नववीत आहे. त्या माणसाने मला नुसतं लुटलं नाही, मारायचीच सोय केली होती.

चुंबकाबद्दल एक लक्षात ठेवा. चिकटलं तर टायटॅनियम नाही, हे नक्की. पण नाही चिकटलं म्हणजे टायटॅनियम आहेच असं नाही, काही स्टेनलेसलाही चिकटत नाही. म्हणून वजन वेगळं मागा, दोन्ही कॅलिपर एकत्र, पॅड आणि नटासकट, आणि काटा आधी शून्यावर आलेला व्हिडिओत दिसला पाहिजे.

त्याला फोन केला तर बंद. मग सुरू झाल्या चकरा. चौकीत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, 'सायकलच्या ब्रेकला एकवीस हजार?' आणि शेजारच्याकडे बघून हसले. म्हणाले, माल मिळाला ना, मग हा सायबर गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. अहो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती नोंदवून घ्यायची! प्रिंट काढून नेली होती. कागद न वाचता परत सरकवला. फसवणुकीचं जुनं चारशेवीस आता न्याय संहितेत ३१८(४) आहे, हेही मीच सांगत होतो. तीन चकरांत तीन वेगळे अर्ज लिहायला लावले, एकाचीही पोच शिक्का मारून दिली नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. कुरिअरवाले म्हणतात, ओटीपी दिलात, डिलिव्हरी पूर्ण. ग्राहक आयोगाचं विचारायला गेलो तर वकील म्हणाला, तो व्यापारी आहे हे आधी दाखवावं लागेल, घरातली जुनी वस्तू विकणारा नव्हे. प्रत्येक जण आपलं दार बंद करून पुढचं दार दाखवतो, आणि प्रत्येक खिडकीवर मीच गुन्हेगार असल्यासारखा उभा.

माझी चूक झाली ती उशिराची. चार दिवस त्याचा फोन लागेल म्हणून वाट बघितली. तुम्ही तासाभरात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. आणि इन्शुरन्सच्या नावाने दुसऱ्यांदा पैसे मागितले की तिथेच थांबा. मी ते १,१५० दिले, तेव्हा २१,५०० त्याच्याकडे गेलेले होते आणि मला वाटलं, आता अडवून धरलं तर पार्सलच येणार नाही.

परवा एका मित्राने जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव २३,०००. फोटो तोच, काट्यावर १६४, आणि या वेळी फोटो नीट मोठा करून बघितला: काट्यावर पॅड नसलेले कॅलिपर आहेत, बोल्टचे नटही नाहीत. मित्राला म्हटलं, त्याला व्हिडिओ कॉल कर आणि सांग, फ्रिजवरची होडी काढ आणि बोल्टला लाव. त्याने विचारताच कॉल कट झाला.