हत्तींच्या सेवेत सहा आठवडे: आठ महिन्यांनंतरचा हिशेब

आधी गमबुटांबद्दल. जांभळी नाक्यावरून 400 रुपयांत घेतलेला काळा जोड चिखल, लीद आणि मक्याच्या धसकटांत सहा आठवडे टिकला, आणि यंदाच्या पावसाळ्यात नौपाड्यातल्या गुडघाभर पाण्यातही चालला. या सगळ्या उद्योगात पैसे पुरेपूर वसूल झाले ते बुटांचे. बाकीच्याबद्दल जरा सविस्तर.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 2024च्या नोव्हेंबरात थायलंडला, चिआंग माईजवळ, हत्तींच्या आश्रयस्थानात स्वयंसेवक म्हणून गेले. सासूबाई म्हणाल्या, "शेणच काढायचंय तर गावी गोठा आहे की गं. पैसे भरून तिकडे कशाला?" प्रश्न रास्त होता. आठवड्याचे 14 हजार बाट, म्हणजे तेव्हाचे साधारण 34 हजार रुपये. राहणं-जेवण त्यात आलं, विमान वेगळं.

पहिले 10 दिवस जिथे काढले त्या जागेचं नाव लिहीत नाही. पाटीवर होतं, स्वारी नाही, साखळी नाही. ते खरंही होतं. पण पर्यटकांच्या रोज चार तुकड्या यायच्या आणि एकाच हत्तिणीला चारही वेळा नदीत उतरवलं जायचं. पहिल्या दिवशी मीही तिच्या पाठीवर पाणी उडवत फोटो काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, कौतुक करून घेतलं. सहाव्या दिवशी चौथ्या आंघोळीला ती काठावरच अडली. माहूत ओरडला नाही. फक्त मूठ तिच्या कानामागे नेली. ती पाण्यात उतरल्यावर मूठ उघडली, तेव्हा आत खिळा दिसला.

अनोळखी माणसांची झुंबड निमूट सहन करणारा हत्ती मुळात तसा नसतो, त्याला तसा केलेला असतो. लहानपणी आईपासून तोडून, लाकडी खोड्यात कोंडून. तिकडे या प्रकाराला 'फाजान' म्हणतात. मी परत आले आणि 2025च्या जानेवारीत बातमी आली: दक्षिण थायलंडमधल्या एका केंद्रात हत्तिणीला आंघोळ घालताना एक स्पॅनिश तरुणी दगावली. तो ग्रुपवरचा फोटो मी त्याच रात्री काढून टाकला.

दुसरी जागा मिळाली ती बरोबरच्या एका जर्मन आजींमुळे. तिथे हत्तीला हात लावायची बंदी. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मी धुसफुसतच होते. एवढे पैसे मोजून लांबून बघायचं, मग राणीची बाग काय वाईट? त्यात काम कंबरतोड. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातो आणि त्यातलं निम्म्याहून कमी पचतं, तेव्हा लिदीचा अंदाज तुम्हीच करा. सकाळी साडेसहाला फावडं, मग कोयत्याने मक्याची ताटं तोडायची, भोपळे धुवायचे, केळीचे बुंधे वाहायचे.

माझं आवडतं काम लाडू वळणं. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावता येत नाही. मग म्हाताऱ्या हत्तिणींसाठी मऊ भात, पिकलेली केळी आणि उकडलेला भोपळा कुस्करून नारळाएवढे गोळे करायचे. दिवाळीला घरी लाडू वळताना हात दुखतात म्हणून कुरकुरणारी मी, तिथे रोज 60-70 वळायचे. त्यातली एक पूर्वी लाकडं ओढायची. 1989 साली थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा लाकडं ओढणारे हत्ती एकदम बेकार झाले आणि कित्येक जण पर्यटकांकडे वळवले गेले. हीसुद्धा त्याच वाटेने आलेली. मागचा एक पाय जुन्या मोडीमुळे वाकडा. तिचा माहूत करेन समाजाचा, मला त्याची भाषा येईना, त्याला माझी. पण गोळा सैल झाला की तो मान हलवायचा, आणि मला लगेच कळायचं.

जाणार असाल तर: फेब्रुवारी ते एप्रिल टाळा, शेतं-रानं जाळल्याच्या धुराने घसा धरतो. शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द पाठ करा, नाहीतर भाजीतही माशाचं पाणी असतं. आणि ज्या जागेच्या जाहिरातीत माणसं हत्तीला बिलगलेली दिसतात ती सोडून द्या.

कंबर अजून अधूनमधून बोलते. जुलैत नांदणीच्या माधुरी हत्तिणीला वनताराला नेलं, तेव्हा बिल्डिंगमधले सगळे मला हत्तीतज्ज्ञ समजून मत विचारायला आले. मी एवढंच म्हटलं, तिथे काय नि इथे काय, ती उभी कशावर राहणार, फरशीवर की मातीवर, ते आधी विचारा. कठीण जमिनीने हत्तीचे पाय जातात. ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही, मग कोणीतरी सुप्रभात टाकलं.

परवा सासूबाईंनी विचारलं, "ती म्हातारी तुला ओळखायला लागली होती का गं?"

नाही म्हटलं. लाडवांच्या टोपलीला ओळखायची.