चौकोन आखायचे की फोन घेऊन जागेवर जायचं?

पटकथा लिहून झाली, माणसं ठरली, कॅमेरा म्हणजे कुणातरी एकाचा बरा फोन. आता प्रत्येक शॉट कसा दिसणार हे शूटिंगच्या आधी डोळ्यांसमोर यायला हवं, आणि इथं विद्यार्थ्यांचे दोन गट पडतात. एक गट वहीत चौकोन आखून पेन्सिलीनं स्टोरीबोर्ड काढतो. दुसरा दोन मित्रांना घेऊन थेट जागेवर जातो, त्यांना पात्रांच्या जागी उभं करतो आणि शॉटमागून शॉट फोनवर टिपतो. याला फोटोबोर्ड म्हणू. आठ मिनिटांच्या फिल्मचे पन्नास-साठ शॉट धरले तर दोन्ही रीतींत एक अख्खा रविवार जातोच, त्यामुळे वेळेच्या हिशोबावर निवड करण्यात अर्थ नाही.

आधी पेन्सिलीची बाजू, कारण ती कमी लेखण्यासारखी नाही. ए-फोर कागदावर आठ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार उंच असे सहा चौकोन बसतात आणि प्रत्येकाखाली तीन ओळी लिहायला जागा उरते. हे माप सोळा-नऊचं आहे, म्हणजे व्हिडिओच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचं. चौकोन अंदाजानं आखला की तो हळूहळू उंच होत जातो, मग डोक्यावर भरपूर मोकळी जागा दिसते, जी व्हिडिओत नसते. चित्र यायलाच हवं असं काही नाही. डोकं किती मोठं, नाक कुठल्या बाजूला आणि जमिनीची रेघ किती उंचीवर, एवढं कळलं तर काडीची माणसंही पुरतात.

खोडरबर हा पेन्सिलीचा खरा फायदा. पटकथा अजून हलत असेल, शेवट ठरला नसेल, तर खानापूरच्या बसमध्ये बसूनही पानं बदलता येतात. शिवाय काही जागांवर तालमीसाठी जाणं परवडत नाही. कॉलेज बेळगावात आणि गोष्ट निपाणीतली, म्हणजे एका बाजूला पाऊणशे किलोमीटर. काही गोष्टी वर्षातून एकदाच घडतात. शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक तुमच्या फिल्ममध्ये असेल तर तिची रंगीत तालीम कुठून आणणार? ती कागदावरच बांधावी लागते.

आणखी एक मुद्दा रेकीच्या, म्हणजे आधी जागा बघून येण्याच्या, घाईत विसरला जातो. विषयाचा अभ्यास अजून चालू असेल तर फोन लवकर बाहेर काढू नये. विड्या वळणाऱ्या बायकांवर फिल्म करायची आणि पहिल्याच भेटीत सुपासमोर फोन धरायचा, की त्या पदर सावरून बसतात, हात ताठ होतात, आणि तुम्हाला जे बघायचं होतं तेच दिसेनासं होतं. पहिल्या दोन भेटी वही घेऊनच जावं. पान कशानं कापतात, दोरा कुठे अडकवतात, बोलता बोलता हात थांबतो का, हे लिहावं, जमल्यास रेखाटावं. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातही तसंच. तिथं लष्कराच्या भिंती कुठं सुरू होतात ते नवख्याला कळत नाही, आणि त्यांच्याकडे फोन रोखून उभं राहणं अंगाशी येऊ शकतं. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वहीला कुणी हटकत नाही.

एवढं सगळं असूनही माझं पारडं फोटोबोर्डकडे झुकतं, आणि ते झुकवलं एका भिंतीनं.

कागदावर कॅमेऱ्याच्या मागे भिंत नसते. चौकोनात माणूस डोक्यापासून पायांपर्यंत काढला की तो मावतोच, कारण तुम्हीच त्याला मावेल एवढा काढलेला असतो. आता हाच शॉट बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या गल्लीतल्या घरात लावून बघा. ही घरं लांबीला भरपूर आणि रुंदीला बेताची: पुढे सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे परसू. माजघराची रुंदी दहा फूट धरू. पात्र भिंतीला चिकटून उभं केलं तर सावली भिंतीवर पडून चेहरा सपाट होतो, म्हणून ते दोन फूट पुढं हवं. उरले आठ. समोरच्या भिंतीला पाठ लावून ट्रायपॉड आणि त्यामागे तुम्ही स्वतः, यात दोन फूट गेले. हातात उरलं सहा फुटांचं अंतर.

फोनचा मुख्य कॅमेरा साधारण चोवीस ते सव्वीस मिलिमीटरच्या लेन्सइतकं दाखवतो. व्हिडिओ चालू केला की थरथर कमी करण्यासाठी फोन कडा आणखी कापतो. ढोबळ हिशोब असा धरावा: चौकटीची, म्हणजे फ्रेमची, रुंदी अंतराच्या सव्वापट, उंची अंतराच्या दोन तृतीयांश. म्हणजे सहा फुटांवरून चार फूट उंचीची चौकट मिळते. साडेपाच फुटी माणूस डोक्यावर थोडी जागा सोडून मांडीपर्यंत येतो, पाय बाहेर. तो पायांसकट हवा असेल तर नऊ-साडेनऊ फूट लागतात, आणि तेवढं माजघर त्या घरात नाहीच. प्रत्येक फोनमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे होतील, भिंत मात्र हलत नाही.

कागदावर ठरवून आलेला गट इथं शूटिंगच्या दिवशी अडकतो. मग शून्य पॉइंट पाचची, म्हणजे फोनची जास्त रुंद दाखवणारी, लेन्स लावली जाते. कडेला उभ्या माणसाचा चेहरा ताणल्यासारखा होतो, दाराच्या चौकटी वाकतात, आणि बऱ्याच फोनमध्ये ही लेन्स मुख्य लेन्सपेक्षा कमी प्रकाश घेत असल्यामुळे संध्याकाळच्या खोलीत चित्रात रवा पडतो, म्हणजे ते दाणेदार दिसतं. किंवा तो शॉट गाळला जातो, आणि पुढचे तीन शॉट त्याच्यावर उभे असतात म्हणून तेही कोसळतात. पात्र खोलीत कुठून कुठं गेलं हे दाखवणारा शॉटच हातात नसला तर एडिटिंगला बसल्यावर करण्यासारखं फार काही उरत नाही.

फोटोबोर्ड काढणाऱ्याला हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. कॅमेरा मागे नेत नेत तो उंबऱ्याशी पोचतो, उंबरा ओलांडून सोप्यात जातो आणि दाराच्या चौकटीतून माजघरातलं पात्र बघतो. अंतर दहा-बारा फूट झालेलं असतं, पाय दिसतात, दोन्ही बाजूंना दाराचं काळपट लाकूड येतं. पेन्सिलीला हा शॉट सहसा सुचत नाही, जागेवर दुसरा इलाजच नसल्यामुळे तो सापडतो.

पण फोटोबोर्डही खोटं बोलतो. फोनचा फोटो चार-तीनच्या चौकटीत येतो, व्हिडिओ सोळा-नऊत, वर पुन्हा ती कापलेली कड. फोटोत छान बसलेला शॉट व्हिडिओत डोक्याशी कापला जातो. खिडकीशेजारी उभ्या माणसाचा फोटो काढताना फोन दोन-चार छायाचित्रं मिसळून बाहेरचं आभाळही दाखवतो आणि चेहराही. व्हिडिओत पुष्कळदा खिडकी पांढरीफटक होते, नाहीतर चेहरा काळा पडतो. रात्री तर विचारूच नका. नाइट मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद प्रकाश गोळा करतो आणि परसातला चाळीस वॅटचा बल्ब दिवाळीसारखा दिसतो. व्हिडिओला एका चौकटीसाठी सेकंदाचा पंचविसावा भागही पुरता मिळत नाही.

म्हणून फोटोबोर्ड फोटो मोडमध्ये काढूच नये. व्हिडिओ लावावा, शूटिंगच्याच सेटिंगवर, आणि प्रत्येक शॉट तीन सेकंद घेऊन त्यातली एक चौकट उचलावी. यातून ट्यूबलाइटचा लपलपाटही आधीच पकडला जातो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे सेकंदाला पंचवीस चौकटी आणि सेकंदाचा एक पन्नासांश शटर ठेवलं तर जुनी ट्यूब सहसा शांत राहते. काही स्वस्त एलईडी मात्र कशानंच ऐकत नाहीत; ते बदलायचे हे आदल्या दिवशी कळलेलं बरं.

क्रम हरवणं ही दुसरी कटकट. साठ चौकटी ग्रुपवर टाकल्या की फायलींची नावं बदलतात, कुणीतरी मध्येच ‘कडक रे’ लिहितं, आणि सतरावा शॉट कुठला यावर वाद सुरू होतो. तळहाताएवढ्या कागदावर स्केचपेननं ‘३-ब’ असं लिहून तो पहिल्या सेकंदाला पात्राच्या छातीशी धरावा. त्यातलीच चौकट उचलली की आकडा चित्रातच राहतो.

उंचीची चूक तर हमखास होते. उभं राहून फोन धरला की सगळे शॉट तुमच्या छातीच्या उंचीवरून येतात. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात, खुर्चीत बसलेल्याचे पावणेचार ते चार. आजी पाटावर बसून शेंगा सोलते आहे आणि कॅमेरा साडेचार फुटांवरून खाली बघतो आहे, असा शॉट नकळत तिला लहान करतो. ट्रायपॉड तेवढा खाली येत नसेल तर उलटी बादली आणि वर एखादी वीट, तेवढ्यावर भागतं.

पेन्सिलीला मी हरवू शकत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे वरून पाहिलेला नकाशा. खोलीत फिरत फिरत चौकटी घेताना दोन पात्रांना जोडणारी मनातली रेघ कॅमेरा नकळत ओलांडतो. डावीकडे बघणारी आई पुढच्या शॉटमध्येही डावीकडेच बघते, मुलगाही डावीकडे, आणि दोघं एकमेकांशी बोलत आहेत असं वाटत नाही. चौकट बघून ही चूक पटकन कळत नाही, नकाशावर लगेच कळते. खोलीचा आराखडा, पात्रांचे दोन गोल, त्यांना जोडणारी रेघ, आणि कॅमेऱ्याचे सगळे बाण तिच्या एकाच बाजूला. प्रत्येक दृश्याला असं एक पान हवंच, फोटोबोर्ड करणाऱ्यालाही.

आपल्या भागात फोटोबोर्डच्या बाजूनं दोन-तीन गोष्टी आणखी पडतात. पाट्या ही त्यातली एक. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कॅमेरा फिरवला की मराठी, कन्नड, इंग्रजी अक्षरं चौकटीत येणारच. गोष्ट २००५ सालातली असेल आणि मागच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘बेळगावी’ दिसत असेल तर पंचाईत, कारण ते नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. पेन्सिलीच्या चित्रात मागचं दुकान म्हणजे दोन आडव्या रेघा. चौकटीत ते अक्षर न् अक्षर दिसतं, मग कॅमेरा हातभर डावीकडे सरकवायचा की पुढे हातगाडी उभी करायची ते ठरवता येतं.

आवाजही तिथंच कळतो. वडगाव-खासबाग भागात शेजारच्या घरात यंत्रमाग चालू असेल तर दुपारच्या संवादाचं काही खरं नाही. प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करून वेळ लिहून ठेवावी, मग माग कधी थांबतो ते विचारून दृश्याची वेळ ठरवावी. आणि गटात कन्नड घरातला कॅमेरामन, मराठी दिग्दर्शक असा मेळ असेल, जो इथं नेहमीचाच, तर चौकट दाखवून बोलणं शब्दांत समजावण्यापेक्षा सोपं जातं. ‘थोडं क्लोज’ म्हणजे नेमकं किती, हा घोळ एकाच भाषेत बोलणाऱ्यांतही होतो, ते सोडा.

एक मात्र आहे, फोटोबोर्ड शिळा होतो. मे महिन्यात जांबोटीच्या बाजूला घेतलेल्या चौकटी जुलैत उपयोगाच्या नाहीत. तोवर तांबडी माती जाऊन भाताची नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, झालेली असते, ऊन नसतं, आणि पत्र्याच्या घरात पाऊस सुरू झाला की संवाद बुडतो. शूटिंगच्या आधी आठ-दहा दिवसांत, आणि ज्या तासाला शूटिंग त्याच तासाला चौकटी घ्याव्यात. सकाळी दहाला सोप्यात येणारी उन्हाची पट्टी चार वाजता तिथं नसते.

ज्याचा हात चित्रावर बसला आहे, किंवा ज्याची फिल्म बरीचशी उघड्यावर घडते, त्यानं पेन्सिल सोडावी असं मी म्हणणार नाही. पण गोष्ट घरातली असेल, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक गोष्टी घरातल्याच असतात, तर फोन घेऊन जागेवर जाणं मला जास्त भरवशाचं वाटतं. सगळीकडे जायला वेळ नसेल, अर्धाच दिवस हातात असेल, तर सगळ्यात लहान खोलीपासून सुरुवात करा. रस्ता, शेत, राजहंसगडाची तटबंदी कागदावर काढली तरी चालून जातं. तिथं मागे सरायला जागा आहे.