जेलचे कोल्ड पॅक: खरिपापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापराचा अनुभव

गोठवून पुन्हा पुन्हा वापरता येणारे निळ्या जेलचे दोन पॅक गेल्या खरिपापासून आमच्या घरात आहेत. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. कापूस-तुरीचे वावर आहे, एका दाराचा फ्रिज आहे, आईला गुडघेदुखी आहे आणि बाबांना इन्सुलिन चालू आहे. या वस्तूविषयीचे लेखन बहुधा व्यायामशाळेत जाणाऱ्यांना समोर ठेवून केलेले असते, म्हणून शेतकऱ्याच्या घरात तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे अडतो ते येथे सविस्तर नोंदवत आहे.

अशा बहुतेक पॅकमध्ये पाणी, प्रोपिलीन ग्लायकोल आणि घट्टपणा आणणारे द्रव्य असते. ग्लायकोलमुळे गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे फ्रीझरमधून काढल्यावरही पॅक वाकतो आणि घोट्याभोवती किंवा खांद्यावर नीट बसतो. मात्र याच गुणात धोकाही आहे. वितळणारा बर्फ शून्य अंशावर असतो, तर पॅक फ्रीझरच्या तापमानाला, म्हणजे चांगल्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास पोहोचलेला असतो. तो उघड्या कातडीवर ठेवल्यास शीतदंश होऊ शकतो. आम्ही जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी तुकडा मध्ये घालतो आणि १५ ते २० मिनिटांपलीकडे पॅक ठेवत नाही. थंडावा टिकण्याच्या बाबतीत साधा बर्फच सरस आहे, कारण एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो आणि नरम राहणाऱ्या जेलला तेवढे साधत नाही. पाणी गळत नाही आणि अंगाच्या आकाराप्रमाणे बसतो, एवढ्याचसाठी आपण पैसे मोजतो हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरा उपयोग झाला तो डवरणीच्या दिवसांत. पावसाने निसरड्या झालेल्या धुऱ्यावरून उतरताना धाकट्या भावाचा पाय मुरगळला आणि संध्याकाळपर्यंत घोटा चांगलाच सुजला. पाय उशीवर उंच ठेवून दर दोन-तीन तासांनी पॅक लावल्यावर ठणका इतका कमी झाला की त्याला रात्री झोप लागली. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि वेदनेचे संदेश वाहणाऱ्या नसा मंदावतात, हे त्यामागचे कारण. परंतु त्यामुळे इजा लवकर भरून येते असे समजू नये. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये लिहिले की बर्फामुळे भरून येणे लांबू शकते. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांच्या ठणक्यापुरताच आम्ही पॅक वापरतो.

आईच्या गुडघ्याचा अनुभव मिश्र आहे. कापूस वेचून आल्यावर गुडघा गरम आणि सुजलेला असेल तर तिला पॅकने बरे वाटते, पण मार्गशीर्षाच्या थंडीत तिने तो हातानेच दूर सारला आणि गरम पाण्याची पिशवी मागितली. झिजेच्या दुखण्यात गरम की थंड हे ज्याने त्याने आरामावरून ठरवायचे असते, तेव्हा तिचे म्हणणे योग्यच होते. वाकून आखडलेल्या कमरेला तर घरातल्या प्रत्येकाने शेकच पसंत केला.

बाबांच्या पायांना मधुमेहामुळे मुंग्या येतात आणि संवेदना कमी झाली आहे, म्हणून त्यांच्या पायावर पॅक कधीही ठेवत नाही. कातडी किती गार पडली हे त्यांना कळणारच नाही. आपल्या भागात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि गारठ्याने त्यांच्या वेदनांचा झटका सुरू होऊ शकतो. गल्लीतले लोक पॅक मागायला येतात (परत येतो तेव्हा त्याला हमखास बामचा वास असतो), तेव्हा देण्यापूर्वी आम्ही हे विचारून घेतो. विंचू चावल्यावर दवाखान्यात पोहोचेपर्यंत दंशाच्या जागी पॅक धरता येतो. सर्पदंशावर आणि भाजलेल्या जागी मात्र बर्फ किंवा पॅक लावू नये.

दुखण्याखेरीज पॅक सर्वाधिक कामी आला तो इन्सुलिनसाठी. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते आणि मे महिन्यात यवतमाळला जाताना एसटीत ते सोपे नसते. पण फ्रीझरमधून नुकताच काढलेला पॅक कुपीला चिकटून राहिला तर इन्सुलिन गोठून निकामी होते. लसीकरणाच्या दिवशी डब्यात ठेवण्यापूर्वी बर्फाचे पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबतात, हे आशाताईंनी दाखवले होते. जेलमध्ये तसा आवाज येत नाही, म्हणून पॅकवर दव धरून ते ओघळू लागेपर्यंत आम्ही थांबतो, मग तो टॉवेलात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवतो आणि कुपी वेगळ्या कापडात वर ठेवतो.

अडचण आहे ती विजेची. अवकाळी वादळात तार तुटली की रात्रभर वीज नसते आणि दोन्ही पॅक कोमट होतात. वीज आल्यावर ते पुन्हा पुरते गार व्हायला अर्धा दिवस जातो. त्यातच एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचे थर साचतात आणि पॅक त्यांना चिकटून बसतो. तो ओढून काढल्याने, की घडी घालून ठेवल्याने, एका पॅकची कड उन्हाळ्यात उसवली आणि चिकट निळे जेल बोटांना लागले. विकणाऱ्या कंपनीने बदलून देण्यास नकार दिला. गळका पॅक गोठ्याकडे किंवा उकिरड्यावर न टाकता पिशवीत बांधून टाकावा. आत नेमके कोणते द्रव्य आहे हे वेष्टनावर बहुधा लिहिलेले नसते आणि जनावरे काहीही चाटतात.

नवा पॅक घेताना एक मोठा घेण्यापेक्षा मध्यम आकाराचे दोन घ्यावेत, म्हणजे एक वापरात असताना दुसरा गार होतो. कापडी खोळ आणि चिकटपट्टी असलेला प्रकार थोडा महाग पडतो, पण गुडघ्यावर धरून बसावे लागत नाही. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात पॅक हातात घेऊन कडा दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहाव्यात. दुकानदार कुरकुरतो, पण दाबू देतो.