पुष्कर की जैसलमेर? उंटांची जत्रा पहिल्यांदाच बघणार असाल तर

राजस्थानात उंटांची जत्रा बघायची ठरली की शेवटी दोन नावांवर येऊन अडतं, कार्तिकातलं पुष्कर नाहीतर माघातला जैसलमेरचा मरु महोत्सव. नागौर आणि बिकानेर पण आहेत, पण पहिल्याच खेपेला तिकडे सहसा कोणी जात नाही. मी हे दोन्ही बघितलेत. दोन्ही पौर्णिमेला संपतात, दोन्हीकडे पगड्या, घागरे, सजवलेले उंट, त्यामुळे फोटो बघून ठरवायला गेलात तर काहीच ठरणार नाही.

जैसलमेरचं आधी सांगतो, कारण सोय तिथे जास्त आहे. कधी काय आहे ते आधी कळतं, मिशांची स्पर्धा, पगडी बांधायची स्पर्धा, मरुश्रीची (म्हणजे ‘मिस्टर डेझर्ट’ची) निवड, बीएसएफचे उंटस्वार, आणि शेवटच्या दिवशी सगळं लटांबर चाळीसेक किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूत. किल्ला आहेच, त्यात अजून माणसं राहतात, म्हणजे घरात ज्यांना जनावरांत रस नाही तेही कंटाळत नाहीत. सोबत आईवडील असतील किंवा सुट्टी अगदीच मोजकी असेल तर मी जैसलमेरला नको म्हणणार नाही. रात्रीची थंडी तेवढी मनावर घ्या.

पण मला जे खुपलं ते प्रमुख पाहुणे. कार्यक्रम सुरू व्हायचा म्हणजे आधी ते यायला हवेत ना. तोवर उंट सजून उन्हात उभे, मालक उभे, आपण दोरीच्या अलीकडे, पुढचे सोफे रिकामे आणि निवेदक माईकवर ‘बस थोडी ही देर में’ म्हणत तेच तेच बोलतोय. अगदी शाळेचं गॅदरिंग! मग हार, मग भाषण, मग एकदाचा उंट हलला, तोही इतका लांब की मोबाईलच्या झूमवर बघायचा. माझंच नशीब तसं असेल, इतरांना सगळं वेळेवर मिळालंही असेल, पण इतक्या लांब वाळवंटात येऊन दोरीमागे ताटकळायचं हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

पुष्करलाही स्टेडियम आहे, तिथेही माईक आहे, पण तो सोडून मागच्या वाळूच्या टेकड्यांकडे चालत सुटलं की कोणी अडवत नाही. तिथे राईका, म्हणजे पिढीजात उंट पाळणारे लोक, आपापल्या उंटांशेजारी चूल पेटवून बसलेले, कोणी उंटाचा जबडा उघडून दात बघतंय (वय त्यावरून कळतं), कोणी भाव फिसकटल्यावर उठून जातंय आणि पाच मिनिटांनी परत येतंय, बाजूला घंटा, वेसणी आणि गोरबंद (उंटाच्या गळ्यातले दागिने) विकणारे. तुम्ही आहात की नाहीत याने कोणाला फरक पडत नाही, आणि मला तरी तेच हवं होतं. धूळ, शेणाचा धूर, स्वच्छतागृहांची बोंब, हे सगळं धरून सांगतोय.

फक्त तारखा नीट धरा. जाहिराती पौर्णिमेपर्यंतच्या असतात, पण पंढरपूरला कार्तिकी भरते त्याच एकादशीपासून पुष्करला स्नानाची गर्दी सुरू होते, आणि जनावरवाले त्याच्या आधीच येऊन सौदे उरकून निघायला लागलेले असतात. पौर्णिमेला पोचलेले लोक मग म्हणतात उंट कुठेयत. तसेही उंट आता पूर्वीइतके नाहीत. 2014 मध्ये राजस्थानने त्याला राज्यपशू केलं, 2015 च्या कायद्याने कत्तल बंद आणि राज्याबाहेर न्यायलाही बंधनं, हेतू चांगलाच होता पण गिऱ्हाईक आटलं आणि भाव पडले. 2012 च्या पशुगणनेत देशात चार लाखांच्या आसपास असलेले उंट 2019 ला अडीच लाखांवर आले. त्यामुळे पुष्करला आता घोडेच जास्त दिसतात, कानांची टोकं एकमेकांना टेकवणारे मारवाडी घोडे. देखणे असतात, वाद नाही, पण नुसते घोडेच बघायचे तर आपलं सारंगखेडा आहे की, महिन्याने दत्तजयंतीला.

पुष्करची कटकट म्हणजे घाटावर हातात फुलं देऊन पूजेला बसवणारे, हात मागे ठेवून पुढे चालायचं. मांस, अंडी, दारू गावात मिळत नाही, मालपुवा मिळतो आणि तो तुपात निथळतो. मेळ्यात राहायचे दर डोळे पांढरे करतात, तेव्हा अजमेरला खोली घ्या, नाग पहाड ओलांडून बसने अर्ध्यापाऊण तासाचा रस्ता आहे.

तेव्हा जमत असेल तर भाऊबीज उरकून चार-पाच दिवसांत निघा आणि परतीचं तिकीट एकादशीच्या आसपासचं काढा. दिवाळीत रजा मिळतच नसेल तर जैसलमेर, पण तिथेही सकाळी लवकर जाऊन उंट सजवतात तिथेच घुटमळा, खुर्ची धरायच्या मागे लागू नका.