कम्युनिटी कॉलेजचे सहा महिने: कोर्स पास, बॅटरी नापास

किटचं डिपॉझिट कापून हातात आलं तेव्हाच ठरवलं की आता सविस्तर लिहायचं. कॉलेजचं नाव घेत नाही. मी नाशिकला सातपूरच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. शनिवार-रविवारच्या बॅचला मी रोबोटिक्स घेतलं, बायकोने रुग्णसहायक. मानसशास्त्राचा पेपर दोघांनाही सक्तीचा. फी, वेळा वगैरे माहितीपत्रकात आहेच.

थेट रोबोटिक्सच्या किटवर येतो. त्यातून छोटी रोबो-गाडी बनवायची. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरींना करंट पुरवणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटर (खेळण्यात असतात तशा छोट्या), अल्ट्रासोनिक सेन्सर (समोरचं अंतर मोजणारा), जंपर वायरी. इथवर तक्रार नाही. आणि हे सगळं चालवायला काय, तर मल्टिमीटरमध्ये घालतात ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी! ज्याने हे किट ठरवलं त्याने गाडी एकदा तरी जमिनीवर सोडून पाहिली होती का? ९ आकडा दिसतो, पण या बॅटरीत करंट द्यायचा दमच नाही. मोटरी सुरू होताना करंट ओढतात की व्होल्टेज बसलंच. वर ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. मग गाडी दोन बोटं पुढे सरकते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, प्रोग्रॅम पहिल्यापासून. पुन्हा दोन बोटं. सर म्हणायचे, "कोड तपासा." कोडात काय तपासू, कप्पाळ? मल्टिमीटर लावून व्होल्टेज कोसळताना दाखवलं, तर म्हणे, "नवी बॅटरी टाका." ती अर्थातच आपल्या खिशातून.

शेवटी पदरचे पैसे घालून दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियमचे) आणि होल्डर आणला. ७.४ व्होल्ट, म्हणजे आकड्याने कमीच. पण गाडी वर्गभर पळाली. आणि डिपॉझिट कशाबद्दल कापलं? "किटमध्ये बदल केला"!

मानसशास्त्र मी टाइमपास धरलं होतं. ते मत मागे घेतो. मॅडमनी स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग शिकवले: कबुतराला दर वेळी दाणा मिळाला तर सवय लागते, पण कधी मिळतो कधी नाही असं असेल तर ती जास्त चिवट होते, दाणे बंद झाले तरी लवकर सुटत नाही. बसल्या जागी ट्यूब पेटली. नवी बॅटरी टाकली की पहिली काही मिनिटं गाडी झकास चालायची. त्या काही मिनिटांपायी अख्खी बॅच बॅटऱ्या विकत घेत होती! एवढ्या एका तासाची फी वसूल.

बायकोचा कोर्स मात्र माझ्यापेक्षा उजवा निघाला. आता घरी बीपी मोजायचं म्हणजे सोहळा असतो. "आई, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पायावर पाय नको, बोलायचं नाही." आई म्हणते, "न बोलता बसले तर आणखी वाढेल." हात छातीच्या पातळीला हवा, आणि दंडाला पट्टा लहान पडला तर आकडा उगाच जास्त येतो, हे मला तिच्याकडून कळलं. माझ्या दंडाला घरचा पट्टा लहानच पडत होता. मोठा आणल्यावर माझं बीपी उतरलं. मशीनवाल्याला इतके दिवस शिव्या देत होतो.

फक्त एक. काउंटरवर या रुग्णसहायक कोर्सला सरसकट "नर्सिंग कोर्स" म्हणतात, ते ऐकून घ्या आणि सोडून द्या. नर्स म्हणून काम करायचं तर निदान एएनएम (२ वर्षं) किंवा जीएनएम (३ वर्षं) हा नर्सिंगचा कोर्स हवा, आणि वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. हे सर्टिफिकेट घरच्या रुग्णाची देखभाल, मदतनीसाचं काम यापुरतं. तसंच रोबोटिक्सचं. अंबड-सातपूरला मुलाखतीत पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा कंट्रोलर) विचारतात, आणि इथे पीएलसीचं दर्शनही नाही. हौस म्हणून किंवा दहावी-बारावीच्या पोराला गोडी लागावी म्हणून ठीक.

पुढच्या बॅचला जाणार असाल तर सेल आपले न्या, पण किटमधली बॅटरीची क्लिप जपून ठेवा. परत देताना तीच लावून द्यायची.