थर्ड शिफ्टवाल्यांनी आधी वाचा: चेहरा ओळखणारं हजेरी मशीन आणि त्याचं अ‍ॅप

5 पैकी 2 स्टार. नाव लिहीत नाही.

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट बनवतो तो विभाग) हे मशीन बसून दीड वर्ष झालं. मी तिन्ही शिफ्ट करतो आणि युनियनच्या कमिटीवरही आहे. मशीन खरंच चांगलं आहे. तोंडाला ऑइल लागलेलं असलं तरी माणूस ओळखतं. जुन्या अंगठ्याच्या मशीनवर पत्रा हाताळून बोटं घासलेल्यांचे ठसेच लागायचे नाहीत, सुटताना गेटवर रांग व्हायची. ती गेली.

त्रास दिला सॉफ्टवेअरनं. आमची थर्ड शिफ्ट रात्री 11 ते सकाळी 7. सॉफ्टवेअरचा दिवस मात्र बाराला बदलतो. इतर रात्री दोन पंच (आत आणि बाहेरची नोंद) जुळायचे, बुधवारची अडकायची, कारण आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. बुधवारी रात्री आत गेलेला माणूस गुरुवारी सकाळी बाहेर पडला की तो पंच सुट्टीच्या खात्यात, आणि बुधवार 'मिस पंच'. टाइम ऑफिस हातानं हजेरी लावायचं, पण तशी लावली की शिफ्ट आपोआप 'जनरल', म्हणजे दिवसाची, पडायची. पगार पूर्ण, नाइट अलाउन्स शून्य.

हे आमच्या एका सीनियर काकांनी पकडलं. ते घरच्या कॅलेंडरवर थर्ड शिफ्टच्या प्रत्येक तारखेला लाल गोल करतात. पे-स्लिप घेऊन आले, म्हणाले, "अरे, सहा रात्री भरल्या, पाचचेच पैसे कसे?"

रात्रीला 90 रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्यात आहे तसा नाइट अलाउन्स नाही. तो आम्ही करारात मिळवलाय, त्यासाठी दुसऱ्या मागण्या सोडल्यात. तो असा गुपचूप कापला जाणं मला सहन होत नाही.

ऑफिसचं उत्तर एकच, "सिस्टिमला दिसत नाही." मग आम्ही कँटीनमधून रात्री तीनच्या जेवणाच्या कुपनांची अर्धुकं काढली. प्रत्येकावर तारीख, टोकन नंबर, निळा शिक्का. दोन पिशव्या भरल्या. सोबत तेव्हा लागू असलेल्या कारखाना कायदा 1948 चं कलम 57 ठेवलं: शिफ्ट मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि सुट्टीचे 24 तास शिफ्ट संपल्यापासून. तिसऱ्या बैठकीत साहेबांनी मान्य केलं.

मशीनवाल्यांचा इंजिनिअर आला. शिफ्टप्रमाणे दिवस मोजायची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, बसवताना कुणी चालूच केली नव्हती. त्यानं वीस मिनिटांत केली. तोवर 14 महिने गेले होते. माझे 20 बुधवार, 1,800 रुपये, एरियर्सच्या रकान्यात आले. काकांचेही आले. त्यांनी प्रत्येक गोलावर बरोबरची खूण केली.

तुमच्याकडे हे बसणार असेल तर कमिटीनं आधीच एक डमी कार्ड सुट्टीच्या आदल्या रात्री पंच करून बघावं, आणि त्याची पे-स्लिप छापून मागावी. नुसता हजेरीचा रिपोर्ट दाखवतील, तो बरोबरच येतो.

अ‍ॅपवर आत-बाहेरची वेळ दिसते, पण शिफ्ट कुठली धरली ते कामगाराला दिसत नाही. ते आम्ही लेखी मागितलंय, पुढच्या अपडेटला देतो म्हणालेत. आलं की तिसरा स्टार देईन.