गोकुळ शिरगावला ड्युटी: केएमटी की स्वतःची स्कूटर?

कोल्हापुरातून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला जायचं, तर केएमटी म्हणजे महापालिकेची बस बरी की स्कूटर? जाऊन-येऊन रोज वीस किलोमीटर धरा. पंचवीस दिवसांचे झाले पाचशे. स्कूटरने ४५चं अ‍ॅव्हरेज दिलं तर महिन्याला ११ लिटर पेट्रोल, म्हणजे शंभरच्या भावानेही अकराशे रुपये. त्यात ऑइल, ब्रेक शू, बेल्ट वेगळे. पावसाळ्यात चिखलाने शू लवकर झिजतात. बसचा खर्च पासपुरताच. आणि थांब्यापर्यंत चालणं होतं, ते अंगाला चांगलंच.

धुराचा हिशोब मात्र गर्दीवर ठरतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे स्कूटरचा किलोमीटरला ५१ ग्रॅम. लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या डिझेल बसमध्ये चाळीस माणसं असली तर माणशी १७च ग्रॅम. दहाच असली तर ६७. म्हणून भरलेली बसच खरी फायद्याची, आणि ती भरायची आपणच.

वेळेत स्कूटर पुढे, यात वाद नाही. बस चुकली की पुढचीची वाट बघावी लागते.

फर्स्ट शिफ्ट किंवा जनरल असेल आणि थांबा चालत दहा मिनिटांत असेल, तर पास काढा. सेकंड शिफ्टवाल्यांनी आधी शेवटच्या बसची वेळ विचारावी. ती जुळत नसेल तर स्कूटरच, पण मागे सोबती घेऊन.